‘झालं असेल’ हे उत्तर नव्हे

माझ्या आयुष्यात मी सर्वांत जास्त ऋणी कोणाचा असेन, तर आमच्या कंपनीच्या कॉम्प्युटर विभागातल्या हवालदारसाहेबांचा. जन्म आई-वडिलांनी दिला, अक्षरओळख करमाळ्याच्या शाळेनं दिली, पण ‘नाही’ म्हणायला शिकवलं ते या माणसानं. निगडीपासून दापोडीपर्यंत त्यांच्याइतका हट्टी माणूस दुसरा कोणी असेल तर तो मला दाखवावा, मी त्याच्याही पाया पडायला तयार आहे. लोक त्यांना चक्रम म्हणत. कंपनीतले म्हणत, शेजारचे म्हणत, आणि त्यांची बायको तर थेट तोंडावर म्हणे. म्हणोत बापडे. त्यांच्या हाताखाली काढलेल्या दिवसांनंतर मी शहाणी म्हणवणारी पुष्कळ माणसं पाहिली, आणि माझं मत तसूभरही बदललेलं नाही. चक्रम ते नव्हते, आम्ही बाकीचे होतो.

हवालदार हे त्यांचं आडनाव नव्हे, हुद्दा. सैन्यात ते वायरलेसवर होते. निवृत्त झाल्यावर देहूरोडलाच घर केलं आणि आमच्या कंपनीच्या टाइम ऑफिसात हजेरीची कार्डं लावायला लागले. पुढं कंपनीनं कॉम्प्युटर घेतला. तो चालवायला माणसं हवीत म्हणून सगळ्या कारकुनांची परीक्षा घेतली, आणि तीत हा मॅट्रिक झालेला फौजी असा काही चमकला, की त्याला शिकायला थेट मुंबईला पाठवण्यात आलं. मी बी.एस्सी. होऊन कंपनीत चिकटलो तेव्हा आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली होती आणि हवालदारसाहेब आमच्या विभागाचे सर्वांत जुने प्रोग्रॅमर होते. ठेंगणी मूर्ती, कडक इस्त्रीची पँट, आरशासारखे बूट, आणि भर मे महिन्यात अंगात मरून रंगाचा स्वेटर. कारण कॉम्प्युटर म्हणजे एक अख्खी खोली होती आणि ती खोली यंत्राला मानवेल इतकी गार ठेवत. माणसाला काय मानवतं हे कोणी विचारलं नव्हतं. ‘‘आपण पाहुणे,’’ ते म्हणत, ‘‘घर त्याचं आहे.’’

मला ते पहिल्या दिवसापासून ‘बी.एस्सी.’ म्हणत. त्यात टोमणा नव्हता. आमच्या घराण्यातला मी पहिलाच पदवीधर, हे त्यांना कळलं होतं, आणि ती पदवी दिवसातून चार वेळा मोठ्यानं उच्चारली जावी असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. पण लाड एवढ्यावरच संपत. मी लिहिलेला पहिला प्रोग्रॅम त्यांनी तपासायला घेतला, ओळीवर बोट ठेवत शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाले, ‘‘अक्षर छान आहे. आता सांग, इथं तू सिस्टिमकडं टेपवरची पुढची नोंद मागितलीस. मिळाली का?’’

‘‘मिळाली असेल, साहेब.’’

त्यांनी चष्मा काढला. ‘‘असेल?’’

‘‘रोज मिळते.’’

‘‘तुझे वडील लाकडाच्या वखारीत आहेत ना? ट्रक आला असेल असं समजून करवत चालवतात काय?’’

ज्यांनी असं यंत्र पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमचा प्रोग्रॅम स्वतःच्या हातानं काहीच करत नसे. टेप फिरवणं, ‘पंच’ केलेली, म्हणजे भोकं पाडून मजकूर भरलेली कार्डं वाचणं, कागद छापणं ही कामं यंत्राच्या आत बसवलेली एक व्यवस्था करी, तिला आम्ही सिस्टिम म्हणायचो. प्रोग्रॅमनं तिच्याकडे काम मागायचं, आणि तिनं ते करून, किंवा न करून, दोन आकडे परत द्यायचे. शून्य शून्य आले तर काम झालं. दुसरे कोणतेही आले तर काहीतरी बिनसलं. गंमत अशी, की हे दोन आकडे वाचलेच पाहिजेत असं तुमच्यावर कोणतंही बंधन नव्हतं. न वाचता पुढं गेलं तरी प्रोग्रॅम चालू राही, कागद छापून येई, आणि कागद दिसायला अगदी स्वच्छ असे. आमच्याकडे येऊन गेलेल्या कितीतरी हुशार मंडळींनी हे आकडे कधी वाचले नव्हते. हवालदारसाहेब प्रत्येक मागणीनंतर वाचत. हाक मारली आणि ‘ओ’ आली की नाही ते न बघताच पुढचं बोलत सुटणारा माणूस त्यांना वेडा वाटे, आणि म्हणून जगातली बरीच माणसं त्यांना वेडी वाटत.

कारण हा नियम त्यांनी खोलीबाहेरही लावला होता. शिपायाला चहा सांगितला की तो वळण्याआधी ते विचारत, ‘‘काय सांगितलं?’’ शिपाई म्हणे, ‘‘दोन चहा.’’ ‘‘साखर?’’ ‘‘एकात कमी.’’ मगच त्याची सुटका. वहिनींनी एकदा त्यांच्या लग्नाची हकिकत मला ऐकवली, तेही नवरा समोर बसलेला असताना. ‘‘आमच्यात तेव्हा नव्या बौद्ध पद्धतीची लग्नं नुकतीच लागायला लागली होती. वंदना झाली, सगळा मांडव साधू, साधू, साधू म्हणाला, फुलं पडली, आणि हे माझ्या कानाशी येऊन विचारतात, तुला मान्य आहे ना? मांडवात नवरीला असं कोण विचारतं? मी लाजून मान हलवली. तर म्हणे, मान नको, तोंडानं बोल!’’

‘‘बोललीस का?’’ हवालदारसाहेब शांतपणे म्हणाले.

‘‘बोलले म्हणून तर इथं आहे, चक्रम मेलं.’’

त्यांची दुसरी खोड म्हणजे बिघाडाचं वर्णन. ‘बिघडलं’ हा शब्द एकटा आला की त्यांचा पारा चढे. माझ्या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये मी त्यांच्या म्हणण्याप्रमाणे आकडे वाचले आणि चुकीचे आले तर यंत्राला जोडलेल्या टाइपरायटरवर ‘एरर’ एवढंच छापायची सोय केली. मला वाटलं, शाबासकी मिळेल. ते म्हणाले, ‘‘बी.एस्सी., दुसऱ्या पाळीला तू घरी असशील. इथं बसलेल्या माणसाला हे वाचून काय कळणार? काय मागितलं होतं, कुठं अडलं आणि आता त्यानं काय करायचं, या तिन्ही गोष्टी लिही. नाहीतर तू नुसता बोंबललास, सांगितलं काहीच नाहीस.’’ ही खोड त्यांनी माझ्यादेखत पिंपरीच्या बसलाही लावली. कासारवाडीच्या अलीकडं गाडी आचके देत थांबली आणि कंडक्टर ओरडला, ‘‘गाडी बिघडली, उतरा समदे!’’

‘‘काय बिघडलं?’’ हवालदारसाहेब जागचे हलले नाहीत.

‘‘तुमी इंजिनेर हाय का? बिघडली म्हंजी बिघडली.’’

‘‘इंजिनिअर नाही. पासधारक आहे. टायर असेल तर आम्ही थांबतो, इंजिन असेल तर चालत जातो. दुसरी गाडी येणार असेल तर सावलीला उभे राहतो. तुम्ही सांगितल्याशिवाय यातलं आम्ही काय करावं?’’

पाठीमागून एक म्हातारी म्हणाली, ‘‘खरं हाय की रं बाबा, माणसाला नीट सांग.’’ मग सगळी बसच कंडक्टरला विचारू लागली. तो बिचारा खाली उतरला, ड्रायव्हरशी बोलला आणि दारात उभा राहून त्यानं जाहीर केलं, ‘‘पट्टा तुटलाय. इंजिनाचा. मागची गाडी हिथंच थांबवून देतो. समद्यांनी झाडाखाली हुबं ऱ्हावा.’’ हवालदारसाहेब उठले, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, ‘‘आता कसं बोललास!’’ कंडक्टरनं माझ्याकडे पाहून डोक्याशी बोट फिरवलं. मी नजर वळवली नाही. त्या दिवशी झाडाखाली उभ्या असलेल्या एकाही माणसाला रागावलेलं मी पाहिलं नाही.

पुन्हा पुन्हा विचारण्याबद्दलही त्यांचं शास्त्र होतं. एकदा नाही म्हटल्यावर सोडून देणारा माणूस त्यांना आळशी वाटे आणि सारखं विचारत सुटणारा माणूस मूर्ख. टेप एखाद्या वेळी धुळीनं अडते, पुन्हा वाचली की चालते, म्हणून पुन्हा विचारावं. पण दर वेळी जरा जास्त थांबून, आणि किती वेळा विचारायचं ते आधीच ठरवून. ‘‘नाहीतर तू विचारतच राहशील,’’ ते सांगत, ‘‘आणि पलीकडं कोणी नसेलच.’’ हे शास्त्र त्यांनी एका रविवारी स्वतःच्या घराच्या दारावर चालवलं. वहिनी मागच्या अंगणात कपडे आपटत होत्या, त्यांना कडी ऐकू गेली नाही. हवालदारसाहेबांनी कडी वाजवली, थांबले, पुन्हा वाजवली, आणखी जास्त थांबले, पुन्हा एकदा वाजवली, आणि ठरवलेल्या वेळा संपल्यावर दाराच्या फटीत चिठ्ठी खोचून समोरच्या घरी जाऊन बसले. चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘आलो होतो. दार उघडलं नाही. समोर आहे. बोलावणं पाठव.’ वहिनी ती चिठ्ठी घेऊन रस्त्यातच उभ्या राहून ओरडल्या, ‘‘अहो, मागच्या दारानं यायला काय झालं होतं?’’ त्यावर ते गंभीरपणे मला म्हणाले, ‘‘मुद्दा बरोबर आहे. दुसरा मार्ग बघायचा राहिला.’’ पुढच्या आठवड्यात त्यांनी आमच्या दोन प्रोग्रॅममध्ये तशी दुरुस्ती केली. एका टेपवरून वाचता आलं नाही तर तिच्या जपून ठेवलेल्या प्रतीवरून वाचायचं.

आणि अर्धवट काम! त्याचा तर त्यांना तिटकारा होता. एका दसऱ्याच्या सुमाराला त्यांनी घराला निळा रंग द्यायला काढला. पुढची भिंत निम्मी झाली आणि रंग संपला, दुकान बंद. दुसरा कोणी ब्रश धुऊन जेवायला बसला असता. हवालदारसाहेबांनी ओला रंग फडक्यानं पुसून काढला आणि भिंत होती तशी पांढरी करून टाकली. शेजारी मावळातले जुने रहिवासी होते, ते कपाळाला हात लावून म्हणाले, ‘‘हवालदार, आरं निम्मी झाली व्हती की!’’

‘‘निम्मी झाली म्हणजे झाली नाही. पूर्ण झाली असती तर निळी म्हटलं असतं. नाही झाली तर पांढरी म्हणायचं. ही आता काय म्हणून सांगू?’’

‘‘सांगतो कुणाला? भिंतीला इचारतंय कोण?’’

‘‘उद्या मीच विसरेन आणि म्हणेन, रंग दिलाय.’’

असा हा माणूस. आमचे जुने मॅनेजर त्यांना ओळखून होते, हसून सोडून देत. ते गेले आणि मुंबईच्या हेड ऑफिसातून नवे मॅनेजरसाहेब आले. माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. हुशार होता, उशिरापर्यंत काम करायचा, आमच्याबरोबर कँटीनमध्ये जेवायचा. फक्त त्याला थांबणं खपत नसे. आल्या आल्या त्यानं सांगितलं, ‘‘हवालदार, तुमचे प्रोग्रॅम फार अडतात. बाहेरच्या कंपन्यांत मशीन कसं सलग धावतं!’’

हवालदारसाहेब म्हणाले, ‘‘धावतं साहेब. कुठं पोचतं ते कोण बघतं?’’

तिथून दोघांचं बिनसलं.

त्याच वर्षी कंपनीनं टेंपररी कामगारांना कायम करायचं ठरवलं. वर्षभरात हजेरीचे ठरलेले दिवस ज्यांचे भरले ते कायम, ज्यांचे कमी पडले त्यांना घरी पाठवायचं. पिंपरीत तेव्हा ‘कायम’ या शब्दाला काय मोल होतं, हे ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांनाच कळेल. कायम झालेल्या पोराला मुली सांगून येत, वाणी उधार देई, आई-बाप गावाकडून राहायला येत. पेंट शॉपमध्ये निघोज्याचा मारुती नावाचा एक टेंपररी होता. तो रोज सायकलीवरून येई आणि जेवणाच्या सुट्टीत आमच्या काचेच्या खिडकीपाशी उभा राही. आत यायची परवानगी नव्हती, म्हणून तो काचेतूनच खुणेनं विचारे, यादी निघाली का? हवालदारसाहेब बाहेर जात. ‘‘अजून नाही. गुरुवारी निघेल.’’

‘‘माझं दिस भरल्यात न्हवं, साहेब? मी येक बी खाडा केला न्हाई. ताप आला तरी आलो.’’

‘‘तू भरलेस. आता ते टेपवर भरलेत का, ते गुरुवारी बघू.’’

‘‘म्हंजी? मी आलो त्ये मशिनीला ठाव न्हाई व्हय?’’

‘‘सांगितलं तर ठाऊक होणार. सांगितलंय. ऐकलं का, ते बघायचं.’’ मारुतीला यातलं काही कळलं नाही आणि तो काळजीत पडून परत गेला. मी म्हटलं, ‘‘साहेब, नुसतं हो म्हणायचं होतं.’’ ते म्हणाले, ‘‘मला माहीत नसताना?’’

गुरुवारी दुपारी मी यंत्रावर बसून हजेरीचा प्रोग्रॅम चालवला. यादी पाच वाजता नोटीस बोर्डावर लागायची होती आणि तसं जाहीरही झालं होतं. मशीन शॉप झालं, असेंब्ली झाली, फाउंड्री झाली. पेंट शॉपशी टेप अडली. प्रोग्रॅमनं पुन्हा वाचून पाहिलं, थोडं थांबून पुन्हा, मग प्रत मागितली, मी प्रत चढवली, तीही तिथंच अडली. बहुधा पहिलीच टेप चुरगळलेली असताना तिची प्रत काढली गेली होती. मग छपाई थांबली आणि टाइपरायटर आपणहून खडखडला. हवालदारसाहेबांनी लिहून ठेवलेला मजकूर इंग्रजीत उमटला. पेंट शॉपची हजेरी वाचता आली नाही, या माणसांचे दिवस कमी दिसतील, यादी बोर्डावर लावू नये, टाइम ऑफिसातून कार्डं आणून पुन्हा पंच करावीत.

मॅनेजरसाहेब धावत आले. त्यांनी तो कागद वाचला आणि मला म्हणाले, ‘‘जे वाचता येत नाही ते सोडून पुढं जायचं. प्रोग्रॅमची दोन कार्डं बदलायची आहेत फक्त. अर्ध्या तासात होईल. चल.’’

‘‘साहेब, पेंट शॉपची माणसं...’’

‘‘त्यांचं नंतर बघू. एका शॉपसाठी सगळी कंपनी अडवून ठेवायची? बाहेर लोक जमायला लागलेत. युनियनवाले बसलेत. बाकीच्यांनी काय पाप केलंय?’’

प्रश्न खोटा नव्हता. मी प्रोबेशनवर होतो, माझं स्वतःचं कायम होणं याच माणसाच्या सहीवर होतं. मी खुर्चीवरून अर्धवट उठलो. तेवढ्यात हवालदारसाहेब पुढं आले, माझ्या खांद्याला धरून मला बाजूला केलं आणि स्वतः त्या खुर्चीवर बसले. दोन्ही हात त्यांनी स्वेटरच्या खिशांत घातले.

‘‘हा मुलगा नवीन आहे. त्याला नका सांगू, मला सांगा.’’

‘‘ठीक. तुम्हाला सांगतो. कार्डं बदला.’’

‘‘लेखी द्या.’’

‘‘काय?’’

‘‘पेंट शॉपची हजेरी न वाचता यादी काढावी, असं लेखी द्या. खाली सही करा. लगेच बदलतो.’’

‘‘हवालदार, ही लष्कराची छावणी नाही.’’

‘‘नाही ना. तिथं हुकूम देणारा नाव सांगून हुकूम देतो.’’ मग त्यांचा आवाज खाली आला. ‘‘साहेब, बाकीच्यांची यादी उद्या लागली तर ते उद्या कायम होतील. एक दिवस शिव्या देतील, आपण खाऊ. पण यांचे दिवस आज गळले तर हे घरी जातील. आणि यादी बघून कोणालाही कळणार नाही की काही गळलंय. त्यांना वाटेल आपलेच दिवस कमी पडले. कागद अगदी स्वच्छ दिसेल. म्हणून हे यंत्र थांबलंय, बिघडलं म्हणून नव्हे.’’

‘‘मी शेवटचं विचारतोय.’’

‘‘मी नाही म्हणतोय. तुम्ही विचारलंत, मी उत्तर दिलं. ते वाचून पुढं काय करायचं ते तुम्ही ठरवा.’’

मॅनेजरसाहेब माझ्याकडे वळले. ‘‘तू बी.एस्सी. आहेस. तुला अक्कल आहे. तू बदल.’’

गावी वडिलांनी मला नोकरी लागल्याचे पेढे वखारीत वाटले होते. माझ्या तोंडून शब्द बाहेर पडले ते मला स्वतःलाही नवीन होते. ‘‘साहेब, मलाही लेखी द्या.’’

हवालदारसाहेबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक नव्हतं, काळजी होती. पण हात त्यांनी खिशांतून काढले नाहीत.

लेखी कोणी काही दिलं नाही. पाच वाजले. बोर्डावर ‘यादी उद्या’ असा कागद लागला, गेटवर आरडाओरडा झाला, कोणीतरी मॅनेजरसाहेबांच्या नावानं घोषणा दिल्या. हवालदारसाहेब स्वतः टाइम ऑफिसात गेले, आपल्या जुन्या सोबत्यांकडून पेंट शॉपच्या हजेरीची वर्षभराची कार्डं काढून घेतली आणि पंच रूममधल्या मुलींपुढं ती पेटी ठेवून म्हणाले, ‘‘बायांनो, आज घरी उशिरा जाल, पण यातल्या माणसांना घरी बसवायचं नाही.’’ त्यांची मोठी सुपरवायझर म्हणाली, ‘‘हवालदारसाहेब, प्रत्येक कार्ड दोनदा पंच करू, मग तरी तुमची खात्री होईल का?’’ ते म्हणाले, ‘‘दोघींनी वेगवेगळं केलं तर होईल.’’ त्या सगळ्या हसल्या आणि तसंच केलं.

शुक्रवारी सकाळी नवी कार्डं तयार होती. प्रोग्रॅम चालवायला मी सगळं मांडत होतो तेवढ्यात शिपाई लिफाफा घेऊन आला. हवालदारसाहेबांची बदली झाली होती. चाकणकडं जाणाऱ्या रस्त्यावर कंपनीचं सुट्या भागांचं गोदाम होतं, तिथं, आजपासून. तिथं कॉम्प्युटर नव्हता, टेलिफोनही नव्हता. भोवती कांद्याची शेतं होती. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला, खालची सही पाहिली आणि हसले. ‘‘बघ, हे मात्र लेखी दिलं.’’

‘‘साहेब, यादी निघेपर्यंत तरी थांबा.’’

‘‘आजपासून म्हटलंय. तू आहेस ना?’’ त्यांनी स्वेटर काढून घडी घातला, पिशवीत ठेवला आणि कंपनीच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून निघून गेले. आयुष्यभर शेवट पाहिल्याशिवाय जागचा न उठलेला हा माणूस, त्या दिवशी तेवढा शेवट न पाहताच गेला. दुपारी यादी निघाली. त्या रात्री लिहून दुसऱ्या दिवशी गोदामाच्या ट्रकबरोबर मी त्यांना पाठवलेलं पत्र मला आजही बहुतेक शब्दशः आठवतं, कारण ते मी तीन वेळा फाडून पुन्हा लिहिलं होतं.

चिंचवड,
शुक्रवार

आदरणीय हवालदारसाहेबांना साष्टांग नमस्कार.

यादी दुपारी तीनच्या सुमारास लागली. पेंट शॉपची सगळी नावं तीत आहेत. मी टाइम ऑफिसची कार्डं हातात घेऊन बोर्डापुढं उभा राहिलो आणि एकेक नाव बोटानं लावून पाहिलं, म्हणून सांगतो. एकही सुटलेलं नाही. फाउंड्रीतल्या दोघांचे दिवस खरोखरच कमी भरले. त्यांना काढू नये म्हणून युनियन भांडते आहे.

मारुतीला गर्दीत पुढं येता येईना, म्हणून त्यानं मला त्याचं नाव वाचायला सांगितलं. मी वाचलं. तो म्हणाला, ‘‘आनिक येकदा वाचा.’’ मी पुन्हा वाचलं. मग तो खाली बसला. बाकीचे त्याला उठवत होते, तो उठेना. थोड्या वेळानं तो आणि त्याच्या शॉपमधले चार-पाच जण आमच्या खिडकीशी आले आणि तुम्ही कुठे म्हणून विचारू लागले. काल यादी कोणी अडवली हे त्यांना गेटवर कळलं होतं, आणि काल ते तुमच्यावर फार चिडले होते, हेही त्यांनीच सांगितलं. ‘‘साहेबांनी नक्की केलं तरी काय?’’ असं मारुतीनं विचारलं. मी सांगायला गेलो, पण मला नीट सांगता येईना. शेवटी म्हणालो, ते थांबले. तो म्हणाला, ‘‘निस्तं थांबलं?’’ मी हो म्हणालो. त्यावर त्यानं तुमचं घर कुठं म्हणून विचारलं.

ते सगळे रविवारी सकाळी देहूरोडला तुमच्याकडे येणार आहेत. मी घर दाखवायला बरोबर येतो. आळंदीहून पेढे आणणार आहेत, नको म्हणू नका. वहिनींना पाच-सहा माणसांच्या चहाची कल्पना द्यावी.

माझ्या कायम होण्याचं काही कळलेलं नाही. मॅनेजरसाहेब माझ्याशी बोलत नाहीत. मला वाटलं होतं मला फार भीती वाटेल. थोडी वाटते, पण झोप लागते. संध्याकाळी त्यांनी मला खोलीत बोलावलं होतं, ते प्रोग्रॅममधलं थांबणं काढून टाक म्हणाले, पुढच्या वर्षीसाठी. मी नाही म्हणालो. तुमच्याइतक्या शांतपणे म्हणता आलं नाही, आवाज चढला. पुढं काय होईल ते होईल.

तुमच्या जागी सोमवारी दुसरे गृहस्थ येणार आहेत असं ऐकतो. आज दिवसभर मी तुमच्या टेबलाशी बसून काम केलं. तिथून रेल्वेची लाइन दिसते हे मला इतके दिवस माहीत नव्हतं. लोकल गेली की तुमच्या टेबलावरचा पाण्याचा पेला जरासा थरथरतो. मी तो तिथंच राहू दिला आहे.

तुमचा नम्र
बी.एस्सी.